वाजवणारा भाऊ, छापणारा भाऊ: ग्विदो देइरोची गोष्ट



मागच्या वेळी आम्ही अरिस्टॉटलचा एक भेद सांगितला होता. काही कामं अशी असतात की काम संपलं की मागे वस्तू उरते. गवंडी घर बांधतो, तो निघून जातो, घर राहतं. काही कामं अशी असतात की त्यांचं फळ त्यांच्या बाहेर नसतंच. वाद्य वाजवणं हे त्यातलं. वाजवण्याचा हेतू वाजवणं हाच. वाजवून झालं की संपलं. पहिलीला त्यानं निर्मिती म्हटलं, दुसरीला क्रिया. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून प्रश्न आला: मग वादकाचं काय? त्याचं मागे काय उरतं?

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्ही वेळ संपल्याचं निमित्त करून प्रश्न टाळला. पण घरी गेल्यावर तो बोचत राहिला. म्हणून आज सिद्धान्त बाजूला ठेवून एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. माणूस इटालियन, पोटासाठी अमेरिकेत गेलेला, अकॉर्डियनवादक. नाव ग्विदो देइरो. हे नाव इथल्या बहुतेकांनी ऐकलं नसेल, आणि आमचा विषयही तोच आहे.

उत्तर इटलीत तोरीनो शहराजवळ साल्तो कानावेझे नावाचं गाव आहे. तिथे १८८६ साली ग्विदो जन्मला. दोन वर्षांनी धाकटा भाऊ झाला, पिएत्रो. हे दोन भाऊ लक्षात ठेवा, कारण गोष्ट एकाची म्हणून सुरू होते आणि दोघांची होऊन बसते.

तो काळ कसा होता? १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत उतरली. बहुतेक शेतमजूर, दक्षिणेकडचे. रस्ते खणणं, रेल्वेचे रूळ टाकणं, खाणीत उतरणं ही त्यांची कामं. देइरो बंधू उत्तरेकडचे, पण वाट तीच. पिएत्रो १९०७ मध्ये गेला तो अमेरिकेच्या अगदी वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या क्ली एलम या कोळशाच्या गावात. दिवसा खाणीत. आमच्या मनात हे चित्र पक्कं बसलं आहे: कोळशानं भरलेली बोटं आणि रात्री त्याच बोटांखाली अकॉर्डियनची बटणं. ग्विदो पुढच्या वर्षी मागोमाग आला.

आता जरा वाद्याकडे वळू. ते नीट कळलं नाही तर पुढचं सगळं नुसतं किस्से होऊन जाईल.

तुमच्यापैकी कुणी घरची पेटी उघडून पाहिली आहे का? आत पितळेच्या पट्टीवर एका टोकाला जोडलेली छोटी जीभ असते. भात्यातली हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि सूर उमटतो. जीभ लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. झालं. सगळं गुपित एवढंच. अकॉर्डियनमध्येही अगदी हेच आहे. १८२९ मध्ये व्हिएन्नात चिरिल डेमियन या माणसानं अकॉर्डियन या नावाचं पेटंट घेतलं. हार्मोनियमचं पेटंट दबँ यानं पॅरिसमध्ये १८४० साली घेतलं, आणि कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला हातानं भाता हलवून मांडीशी वाजवायची पेटी करून टाकलं. म्हणजे आपली पेटी आणि इटालियन खाणकामगाराचं अकॉर्डियन ही सख्खी नाही तरी चुलत भावंडं. एक जमिनीवर बसली, दुसरं गळ्यात अडकवलं गेलं. आपल्याकडे आकाशवाणीनं १९४० पासून तीसएक वर्षं पेटीला दारात उभं केलं नाही, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. या जातीच्या वाद्यांच्या वाट्याला लोकप्रियता लवकर येते आणि प्रतिष्ठा उशिरा. का, ते पुढे दिसेल.

अकॉर्डियनच्या उजव्या हाताला सुरुवातीला बटणंच होती. साध्या प्रकारात तर एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. गावच्या नाचाला ते पुरतं. शिवाय प्रत्येक ठिकाणची बटणांची मांडणी वेगळी. एका गावचा वादक दुसऱ्या गावचं वाद्य हातात घेईल तर गोंधळेल. मग काहींनी उजव्या हाताला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्या. डाव्या हाताची बटणं तशीच ठेवली. त्यांतल्या काही बटणांवर एक बोट ठेवलं की तीन-तीन सूर एकत्र, अख्खा कॉर्ड वाजतो. म्हणजे एक माणूस उजव्या हातानं चाल वाजवतो आणि डाव्या हातानं स्वतःचीच साथ करतो. चालतं-फिरतं बँडपथकच म्हणा ना!

ग्विदो हा पट्ट्यांचा वादक. आणि तो अमेरिकेत आला तेव्हा तिथल्या बैठकीच्या खोल्यांतून पियानो भरले होते. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला पियानो यायलाच हवा, अशी समजूत होती. हा योगायोग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. बटणांचं वाद्य प्रेक्षकाला परकं दिसतं: कुठल्या तरी परदेशी जत्रेतलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की त्याच प्रेक्षकाला वाटतं, अरे, हे तर आपल्या घरातलं! ऐकण्याआधी डोळ्यांनी ओळख पटते. 'पियानो-अकॉर्डियन' हा शब्द आपणच रूढ केला असं ग्विदो सांगायचा. शब्द कुणाचाही असो, त्यातला 'पियानो' किती काम करून गेला ते पाहा.

याचा पुरावा हवा असेल तर पिएत्रो फ्रोसिनीचा. (हा वेगळा पिएत्रो, इटालियनांत ही नावं आपल्याकडच्या विठोबा-पांडुरंगांइतकी.) फ्रोसिनी सिसिलीचा. बटणांच्या अकॉर्डियनवरचा त्याचा हात असा की आजही वादक त्याच्या रचना बसवतात. पण रंगभूमीला पट्ट्या दिसायला हव्या होत्या. तेव्हा या थोर वादकानं आपल्या बटणांच्या वाद्यावर पियानोच्या खोट्या पट्ट्या बसवून घेतल्या. दिसायला पियानो, आत बटणं. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं. परक्या देशात कला आहे तशी चालत नाही, तिला तिथल्या डोळ्यांना पटेल असा अंगरखा घालावा लागतो. ग्विदोच्या वाद्याला तो अंगरखा जन्मतःच होता.

१९०९ साली सिॲटलला मोठं प्रदर्शन भरलं, अलास्का-युकॉन-पॅसिफिक प्रदर्शन. ग्विदो तिथे इटलीतल्या वेर्चेल्लीच्या रांको कंपनीची अकॉर्डियनं वाजवून दाखवायचा. म्हणजे मुळात काम विक्रेत्याचं. लोक थांबत, ऐकत. दारूच्या गुत्त्यांतूनही त्यानं वाजवलं. आणि १९१० मध्ये तो व्हॉडव्हिलच्या मोठ्या रंगमंचावर गेला.

व्हॉडव्हिल म्हणजे काय? एका तिकिटात आठ-दहा तुकडे: विनोदी जोडी, कसरतवाले, शिकवलेले कुत्रे, गायिका, जादूगार, छोटं प्रहसन. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. मोठ्या कंपन्यांची थिएटरं देशभर साखळीसारखी पसरलेली. कलावंत आठवडाभर एका गावी, मग आगगाडीनं पुढच्या गावी. पंधरा मिनिटांत माणसं जिंकायची नाहीतर पुढचा करार नाही. तिथे चिंतनाला जागा नव्हती. ग्विदोचा कार्यक्रमही तसाच मिश्र: ऑपेरातले तुकडे, इटालियन मार्च, वॉल्ट्झ आणि मग रॅगटाइम. ऑपेरा ऐकून बाल्कनीतले इटालियन खूश, रॅगटाइम ऐकून खालचे अमेरिकन खूश. कुणी याला तडजोड म्हणेल. आम्हाला ती कुशलता वाटते.

इथे एक तुलना करू. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये एदुआर्दो मिल्याच्यो नावाचा इटालियन गायक-नट होता. रंगमंचावर त्याला 'फार्फारिएल्लो' म्हणत, म्हणजे छोटं फुलपाखरू. तरुणपणी तो बँकेत निरक्षर स्थलांतरितांची घरी धाडायची पत्रं लिहून द्यायचा. कुणाची बायको तिकडे, कुणाची आई आजारी, कुणाला पैसे पोचल्याची पोच हवी. त्या पत्रांतून त्यानं माणसं ओळखली आणि मग त्यांचीच सोंगं आणली: नवखा मजूर, मिजासखोर मुकादम, अमेरिकन झालेली नवरी. गाणी नापोलीच्या बोलीत, मध्ये मोडकं इंग्रजी इटालियन शेपूट लावून. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत लोक हसून हसून रडत. पण त्याच्या प्रत्येक विनोदाला ती भाषा जाणणारा कान लागायचा. वस्तीच्या बाहेर त्यातलं काही पोचणं अवघड. आणि वस्तीतली मुलं शाळेत जाऊन इंग्रजी बोलू लागली, तसा त्याचा प्रेक्षकच त्याच्या हातून निसटत गेला.

गाणाऱ्याला भाषा तारते आणि तीच अडवते. ग्विदोच्या हातात भाषेची गरज नसलेली गोष्ट होती. सिॲटलचा लाकूडतोड्या, शिकागोचा जर्मन, न्यूयॉर्कची शिवणकाम करणारी मुलगी, सगळ्यांना तो एकाच दिवशी समजला. याची किंमतही होती. मिल्याच्योच्या गाण्यांत स्थलांतरिताचं दुःख होतं, शिव्या होत्या, मालकाचा राग होता. ग्विदोच्या वाद्यात यातलं काही ऐकू येत नाही. तिथे नुसता उजेड आहे. आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे आणि अजून ठरवू शकलेलो नाही, की हे अकॉर्डियनचं यश की त्याची उणीव.

असो. १९११ पासून त्यानं कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रणं सुरू केली. पियानो-अकॉर्डियनच्या अगदी पहिल्या तबकड्यांत त्या मोडतात. पुढे त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचा, आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणावर रेघ कोरली जायची. त्या कर्ण्याला व्हायोलिन नीट ऐकू यायचं नाही, पियानो डब्यात बसवल्यासारखा वाटायचा. अकॉर्डियनचा धारदार आवाज मात्र तो बरोबर पकडायचा. एका तबकडीवर जेमतेम तीनएक मिनिटं. त्याच्या स्वतःच्या रचनांत एकीचं नाव आहे 'किस्मत'. आपल्याकडचा माणूस ते नाव वाचून दचकतो. पण तो शब्द तेव्हा युरोप-अमेरिकेच्या नाटकवाल्यांच्या तोंडी होताच.

आणि मे वेस्ट. ग्विदोबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, म्हणून आम्ही मुद्दाम उशिरा आलो. पुढे हॉलिवुड गाजवणारी ही बाई तेव्हा विशीतली, व्हॉडव्हिलमध्ये धडपडणारी. मोठं नाव ग्विदोचं होतं, तिचं नव्हे. दोघं प्रेमात पडली, एकत्र दौरे केले, आणि १९१४ च्या सुमारास गुपचूप लग्नही केलं असं देइरो घराण्याचं सांगणं. तिचा आधीचा एक नवरा होता, तोही गुपचूपच! १९२० साली दोघं कायमची वेगळी झाली. १९५९ मध्ये तिनं आत्मचरित्र लिहिलं, त्यात हा माणूस येतो, पण कसा? नुसत्या 'डी' या एका अक्षरानं. ज्याच्या नावाच्या पाट्या थिएटरांवर लागत, तो शेवटी एका अक्षराएवढा उरला.

आता धाकट्याकडे. पिएत्रो सुरुवातीला बटणांचं अकॉर्डियन वाजवायचा. भावाचं यश पाहून तोही पट्ट्यांकडे वळला, व्हॉडव्हिलमध्ये आला आणि व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रणं करू लागला. तबकड्यांवर नुसतं 'पिएत्रो'. एका कंपनीकडे 'देइरो', प्रतिस्पर्धी कंपनीकडे 'पिएत्रो'. दोघांत चुरस होती, मनं पुढे दुरावलीच. पण पिएत्रोच्या लक्षात एक गोष्ट आली जी ग्विदोच्या आली नाही, किंवा आली असेल तर त्याला तिची फिकीर नव्हती. थिएटरात अकॉर्डियन ऐकून घरी जाणाऱ्या हजार माणसांपैकी पाच जणांना वाटतं, आपणही हे वाजवावं. त्या पाच जणांना काय लागतं? वाद्य, मास्तर आणि पुस्तक.

पिएत्रोनं न्यूयॉर्कला ग्रीनिच व्हिलेजमध्ये बस्तान बसवलं. शिकवू लागला, शिक्षणक्रमाची पुस्तकं लिहिली, अकॉर्डियनसाठी स्वरलिपी छापायचा धंदा उघडला. ऑपेराच्या प्रस्तावना अकॉर्डियनसाठी बसवून छापल्या, स्वतःच्या रचना छापल्या, अकॉर्डियन आणि वाद्यवृंदासाठी कन्चेर्तोही लिहिले. त्याचा 'पिएत्रोज रिटर्न' हा मार्च अमेरिकेतल्या किती मुलांनी क्लासात घासला असेल याची गणती नाही. इथेही पट्ट्या कामी आल्या: पियानोची स्वरलिपी वाचता येणाऱ्याला अकॉर्डियनचं उजवं पान लगेच वाचता येतं. १९३८ मध्ये अमेरिकन अकॉर्डियनिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली तेव्हा पहिला अध्यक्ष पिएत्रो देइरो. आणि 'अकॉर्डियनचा बाप' ही पदवी मिळाली ती त्यालाच. थोरल्याच्या पाठोपाठ पट्ट्यांकडे आलेला धाकटा बाप ठरला. थोरल्याला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

ग्विदोचं काय झालं? १९२७ मध्ये बोलपट आला. १९२८ साली व्हायटाफोननं ग्विदोची एक छोटी ध्वनिफीत-चित्रफीत काढली: माणूस उभा राहतो, वाजवतो, संपतं. अशा फिती थिएटरवाल्यांना फार सोयीच्या. जिवंत वादकाला पगार द्या, आगगाडीचं भाडं द्या. त्याऐवजी एक डबा आणून लावला की झालं. म्हणजे ग्विदोनं स्वतःचं वादन ज्या यंत्राच्या हवाली केलं, त्याच यंत्रानं त्याचा रंगमंच गिळला. पाठोपाठ १९२९ ची मंदी. पैसा आला तसा गेला होता. तो साठवणाऱ्यांतला नव्हता. १९३२ पर्यंत न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध पॅलेस थिएटरातही चित्रपटच लागू लागले. ग्विदो पश्चिम किनाऱ्यावर अकॉर्डियन शिकवू लागला. म्हणजे शेवटी तोही पोरांना पट्ट्या दाखवत बसला, फक्त उशिरा आणि नाइलाजानं. १९५० साली कॅलिफोर्नियात तो वारला. पिएत्रो चार वर्षांनी गेला.

आता मागच्या रांगेतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. अरिस्टॉटलच्या भाषेत ग्विदो क्रियेचा माणूस, पिएत्रो निर्मितीचा. पहिल्याचं काम वाजवून झालं की संपलं, दुसऱ्याचं कागदावर राहिलं. इथपर्यंत हिशेब सरळ आहे, आणि असे सरळ हिशेब आम्हाला नेहमी संशयास्पद वाटतात.

एक तर पिएत्रोचा कागद नुसता वाचून वाजत नाही. त्याला कुणाची तरी बोटं लागतात, दर वेळी नव्यानं. घराला तसं लागत नाही. घर रिकामं असलं तरी घरच असतं. तेव्हा स्वरलिपी ही निर्मिती असली तरी अर्धीच, आणि उरलेली अर्धी पुन्हा क्रियेकडे येते. दुसरं असं की तो कागद विकत घ्यायला ज्यांचे पाय वळले, ते कशानं वळले? पंधरा मिनिटांच्या वादनानं. ते पंधरा मिनिटांत संपलं हे खरं. पण संपताना ऐकणाऱ्याला बदलून गेलं. हा बदल कुठल्या खात्यात मांडायचा? आम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात बोललो. त्यातलं छापलेलं फार थोडं. तेव्हा या प्रश्नात आमचा थोडा स्वार्थही आहे, हे कबूल केलेलं बरं.

आणि तिसरी गोष्ट तबकडी. ती अरिस्टॉटलला ठाऊक असण्याचं कारणच नाही. ती वस्तू आहे, म्हणून निर्मितीत बसते. पण त्या वस्तूत जे साठवलं आहे ती क्रियाच आहे: एका विशिष्ट दिवशी, कर्ण्यासमोर, त्या माणसानं भाता ओढला, त्याची ती ओढ. स्वरलिपीत पिएत्रोनं काय वाजवावं ते सांगितलं. तबकडीत ग्विदो स्वतः वाजवतोय. पुष्कळ वर्षं त्या तबकड्या अडगळीत होत्या. रॉक-अँड-रोल आल्यावर अमेरिकेत अकॉर्डियन चेष्टेचा विषय झालं, मग त्याच्या जुन्या वादकांना कोण विचारतो? अलीकडे त्याच्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. मुलानं जपून ठेवलेला ग्विदोच्या कागदपत्रांचा ठेवा २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरकडे गेला. तिथे फक्त या थरथरणाऱ्या जिभेच्या वाद्यांच्या अभ्यासासाठी एक केंद्र होतं. पेटीवाल्यांना ऐकून बरं वाटेल. ज्यानं कागदाची पर्वा केली नाही, त्याला परत आणायला शेवटी कागदच धावले, हेही आहेच.

एवढं बोललो, पण तुम्ही अजून त्याला ऐकलेलं नाही. 'देइरो रॅग' नावाची त्याची स्वतःची रचना आहे, त्यानंच वाजवलेली. सुरुवातीला खरखर येईल, ती तबकडीची आहे, यंत्र बिघडलेलं नाही. डाव्या हाताकडे लक्ष द्या, तो किती हलका पडतो ते पाहा. आणि भाता कुठे उलटतो ते ओळखता येतं का, हे मागच्या रांगेतल्या मंडळींनी सांगायचं. पंखा जरा बंद करा. हं, लावा.